सरांचा ‘स’

सक्करदऱ्यात, एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर ‘वाचा व श्रवण उपचार केंद्र’ अशी पाटी आहे. पाटी लागून सहा वर्षं झाली, तरी महिन्यातून एकदा कोणीतरी जिना चढून येतं आणि विचारतं, ‘कितवीपासूनची मुलं घेता वाचायला?’ एका गृहस्थांनी तर ‘श्रवण’ म्हणजे कथाश्रवण असावं असं समजून पारायणाच्या तारखा विचारल्या होत्या. रोशनी खोब्रागडे सगळ्यांना न चिडता सांगते, की इथं वाचन शिकवत नाही, ज्याला बोलायला अडचण आहे त्याच्यावर उपचार करतो. मग माणसं समजल्यासारखी मान हलवतात आणि विचारतात, ‘म्हणजे इंग्लिश स्पीकिंग?’

रोशनी चौतीस वर्षांची. पुण्यात चार वर्षं शिकून आलेली. तिथल्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ती ‘मले भूक लागली’ म्हणाली, तेव्हा खोलीतल्या मुलींनी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि पुढचे सहा महिने जेवणाच्या घंटेला तेच म्हटलं. शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमात एक प्रकरण आलं. एखाद्या प्रदेशाची बोली म्हणजे उच्चारदोष नव्हे, दोन्हींत गल्लत करू नये, असं त्यात लिहिलं होतं. रोशनीनं त्या ओळीखाली लाल पेननं दोनदा रेघ मारली. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही.

केंद्रात टेबलावर बसून वेळा देण्याचं काम तिची आई प्रेमिला करते. पोस्टातून निवृत्त झालेली बाई. जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं, त्यात आपलं काही घालायचं नाही, ही तिची तीस वर्षांची सवय. तोंडी मात्र ती प्रत्येक पेशंटविषयी स्वतःचं मत देते.

गेल्या जुलैत रिंग रोडकडच्या शब्दतेज विद्यालयातून एक पत्र आलं. शाळेनं ‘शुद्ध वाणी अभियान’ सुरू केलं होतं आणि त्यात बावीस मुलं वाचादोषी आढळली होती. त्यांची तपासणी करून द्यावी, अशी विनंती होती. सोबत यादी. अभियानप्रमुख मिनल मॅडमनी ती सुंदर अक्षरात लिहिली होती आणि प्रत्येक नावापुढे दोषही नोंदवला होता. ‘मले, तुले म्हणते.’ ‘कोथिंबिरीस सांबार म्हणतो.’ ‘का ऐवजी काहून म्हणतो.’ एका मुलापुढे होतं, ‘फार वेळा काहून म्हणतो.’

“हा तर हुशार दिसून राहिला,” प्रेमिला म्हणाली.

तपासणी आठवडाभर चालली. रोशनीची पद्धत ठरलेली होती. आधी कान, कारण जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. मग तोंड उघडून जीभ, टाळू, दात. मग चित्रं दाखवून मुलाकडून शब्द काढून घ्यायचे आणि शेवटी साध्या गप्पा. चित्रांतली सगळी नावं बरोबर म्हणणारी मुलंही कधीकधी गप्पांमध्ये घसरतात.

पहिल्याच दिवशी अबोली नावाची पहिलीतली मुलगी आली. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘उत्तर देत नाही, उद्धट.’ अबोलीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलं होतं. तिला वर्गातलं अर्धंच ऐकू येत होतं आणि जे अर्धं ऐकू यायचं त्यात ओरडाच जास्त असायचा. रोशनीनं तिला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या हर्षितला घेऊन त्याची आई कामिनी आली. माहेर नरखेडकडचं, सासर नागपुरात, नवऱ्याचा कळमन्याच्या बाजारात फळांचा व्यवसाय. बाई घाबरलेली होती. हर्षितच्या नावापुढे दोष होता, ‘कळमन्याला न म्हणता कळमन्याले म्हणतो.’

“बाबा कुठं गेले तुझे?” रोशनीनं त्याला विचारलं.

“तळमन्याले,” हर्षित म्हणाला. “संत्रे विताले.”

रोशनीनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग कपाचं चित्र दाखवलं. हर्षित म्हणाला, ‘तप’. केळी ‘तेळी’ झाली, काका ‘ताता’ झाले. पोराच्या तोंडात ‘क’ नावाची वस्तूच नव्हती. शाळेला शब्दाच्या शेपटीचा ‘ले’ ऐकू आला होता, पण डोक्याचा ‘क’ गायब होता तो कोणाच्या कानावर पडला नव्हता.

“आमी त्याले लय सांगतो मॅडम,” कामिनी म्हणाली. “शाळेनं सांगितलं तसं ‘ला’ म्हण, ‘ला’ म्हण. आता बरोबर ‘तळमन्याला’ म्हणते तो. तरी शाळेनं काहून पाठवलं, मले समजून नाही राहिलं.”

“ते ‘ले’ राहू द्या,” रोशनी म्हणाली. “त्याचं ते नाही चुकत. आपण ‘क’ आणू.”

“सासू म्हणतात जिभेखालचा दोरा कापा.”

“त्याची जीभ चांगली आहे. कुठं टेकवायची ते त्याले माहीत नाही, एवढंच. कात्रीचं काम नाही हे.”

कामिनी तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

खरा घोळ पुढच्या दिवशी सुरू झाला. बालवर्गातली सात मुलं एकाच व्हॅनमधून आली. या सातांपुढे एकच दोष होता, ‘ले, ले करतात.’ रोशनीनं चित्रं दाखवायला सुरुवात केली. साखर, सायकल, ससा, संत्रा. सातही जणांचा ‘स’ स्वच्छ, खणखणीत. मग तिनं गप्पा काढल्या. शाळेत सकाळी काय म्हणता?

“थरथ्वती वंदना,” एकजण म्हणाला.

“आणि नंतर?”

“नंतर थर थांगतात थंथ्काराबद्दल.”

रोशनीला वाटलं आपल्याच कानात काही झालं. तिनं त्याला परत सशाचं चित्र दाखवलं. ससा म्हणाला. साखर म्हण. साखर म्हणाला. आता संस्कार म्हण. ‘थंथ्कार.’ तिनं दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सातही मुलं साखर नीट म्हणत होती आणि सातही थंथ्कार म्हणत होती. सहा वर्षांत असा दोष तिनं पाहिला नव्हता. जिभेला शब्दाचा अर्थ कळत नाही. ती चुकायची तर साखरेलाही चुकेल.

“तुम्ही असं काहून म्हणता?” तिनं विचारलं.

दोन वेण्यांची भावना नावाची मुलगी पुढे झाली. तिला या बाईंची दया आल्यासारखी दिसली. “साखर घरची असते,” ती म्हणाली. “थंथ्कार शाळेतला असते. मिनल मॅडमनं सांगितलं, थर म्हणतात तसंच म्हणायचं.”

मुलं गेल्यावर रोशनीनं शाळेत फोन लावला. काही विचारायचं होतं म्हणून लावला, पण विचारायची वेळ आली नाही. फोन थेट मुख्याध्यापकांनी उचलला आणि पलीकडून भारदस्त आवाज आला, “शब्दतेज विद्यालय. थांगा, काय थमथ्या आहे?”

“काही नाही सर. अहवाल पुढच्या आठवड्यात देते,” म्हणून तिनं फोन ठेवला.

मुख्याध्यापक अनंत पोतनीस अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात दप्तरात होते, आणि पत्रातली एक वेलांटी चुकली म्हणून त्यातल्या एकानं अख्खं पत्र परत पाठवलं होतं, ही गोष्ट ते नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगत. माणूस कष्टाळू, सकाळी सातला शाळेत हजर. व्याकरणात कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. फक्त बोलताना जिभेचं टोक दातांच्या मधून हळूच बाहेर येई आणि ‘स’ चा ‘थ’ होई. हे त्यांना कधीच कोणी सांगितलं नव्हतं. घरी त्यांच्या आईला, यमुताईंना, लहानपणी ते गोड वाटलं आणि मग सवय झाली. शिक्षकांना बढत्या हव्या होत्या. संस्थेचे पदाधिकारी भाषणाच्या वेळी चहाच्या व्यवस्थेकडे पाहायचे. सरांना स्वतःला एवढंच जाणवे की आपलं बोलणं लोकांपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून अकरा वर्षांत त्यांनी शाळेचे स्पीकर तीनदा बदलले होते.

रोशनी अहवाल घेऊन दोन दिवस बसली. पहिला भाग झटकन लिहून झाला. अडकलं ते सात मुलांपाशी.

“काय वं, एवढा विचार कायचा?” प्रेमिलानं विचारलं.

“आई, हे लिहिलं तर ती शाळा पुन्हा एक पोरगं पाठवणार नाही.”

“जे ऐकलं ते लिही.”

“आणि राग आला तर?”

“तर थोडं आदरानं लिही.”

रोशनीनं आदरानं लिहिलं. ‘बावीसपैकी दोन मुलांना उपचारांची गरज आहे. तेरा मुले नागपूरची बोली बोलतात व ती नीट बोलतात. उर्वरित सात मुलांचा ‘स’ उत्तम असून, केवळ प्रार्थनासभेत येणाऱ्या शब्दांत ती एका आदरणीय व्यक्तीचे अनुकरण करतात.’

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मिनल मॅडमही होत्या. सरांनी अहवाल वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

“ही आदरणीय व्यक्ती कोण?”

मिनल मॅडम पंख्याकडे पाहू लागल्या.

“सर, आपण मोबाइलवर एक वाक्य बोलाल का?” रोशनी म्हणाली. “लगेच ऐकवते.”

“कथलं?”

“एकच वाक्य, सर. रोजचं.”

सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “थर्व थुथंथ्कृत विद्यार्थ्यांनी रांगेत बथावे.” रोशनीनं ते वाजवलं. सरांनी फोनकडे संशयानं पाहिलं.

“तुमच्या मोबाइलचा थाऊंड खराब आहे,” ते म्हणाले. “मिनल मॅडम, तुमचा द्या.”

मिनल मॅडमच्या मोबाइलचाही साऊंड खराब निघाला. तो त्यांनी दिवाळीतच घेतला होता, पण त्या तसं बोलल्या नाहीत. सरांनी अहवाल खणात ठेवला, खण बंद केला आणि ‘या आता’ म्हणाले.

ऑगस्टमध्ये कळलं की शाळेनं अभियानासाठी दुसरा तज्ज्ञ आणला आहे. तो सूट घालून आला, मुलांकडून एका तासात शंभर वेळा ‘मला’ म्हणवून घेतलं आणि सरांच्या वाणीत विलक्षण गोडवा असल्याचं व्यासपीठावरून सांगून गेला. रोशनीकडे शाळेतून हर्षितच तेवढा येत राहिला, तोही कामिनीनं स्वतःच्या जोरावर आणला म्हणून. त्याचं काम ऐकण्यापासून सुरू झालं. कार आणि तार, कान आणि तान, दोन दोन चित्रं समोर. रोशनी म्हणेल त्या चित्रावर त्यानं बोट ठेवायचं. मग गुळण्या. घशात पाणी खळखळतं तिथंच ‘क’ राहतो, हे त्याला पटवायचं. मग जिभेचं टोक चपट्या काडीनं खाली दाबून धरायचं, म्हणजे मागचा भाग आपोआप वर उचलला जातो. तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात काडी चुकीच्या जागी लागून त्याला ठसका आला आणि त्या ठसक्यातून एक ‘क’ पडला. रोशनीनं तो तिथल्या तिथं पकडला आणि त्याच्याकडून वीसदा म्हणवून घेतला.

सप्टेंबरात एका रविवारी, भर दुपारी, हेल्मेट न काढताच एक गृहस्थ जिना चढून आले. तोंडाला रुमाल. हेल्मेट काढलं तेव्हा ते पोतनीस सर निघाले.

“माझा एक मित्र आहे,” ते खाली पाहत म्हणाले. “त्याला थोडा प्रॉब्लेम आहे. ‘थ’ चा.”

“स चा,” रोशनी म्हणाली.

“तेच.”

“मग त्यांना घेऊन या.”

“तो फार बिझी अथतो. तुम्ही मला शिकवा, मी त्याला शिकवतो.”

प्रेमिलानं वही पुढे ओढली. “मित्राचं नाव काय?”

सरांनी जरा विचार केला. नावांची एवढी दुनिया असताना त्यांच्या तोंडून निघालं, “थदाशिव.” प्रेमिलानं वहीत लिहिलं, ‘थदाशिव’. जसं ऐकलं तसं.

अशा रीतीनं थदाशिवाचे उपचार सुरू झाले. रोशनीनं सरांना आरशासमोर बसवलं. “मित्राला सांगा, दात अलगद मिटायचे. जीभ दारातून बाहेर डोकवायची नाही. टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या जवळ न्यायचं, पण टेकवायचं नाही. आणि मधल्या फटीतून हवा सोडायची.” दातांसमोर तिनं एक स्ट्रॉ धरली. हवा सरळ आली की स्ट्रॉमधून शीळ ऐकू येते, जीभ मध्ये आली की नुसती फुसफुस. पहिला महिना फुसफुशीतच गेला. त्याहून कठीण काम कानांचं होतं. रोशनी ‘सोडा’ आणि ‘थोडा’ म्हणायची आणि सर वेगवेगळे ओळखायचे. पण तेच शब्द स्वतः म्हटले, की त्यांना दोन्ही ‘सोडा’च ऐकू यायचे. माणूस अठ्ठेचाळीस वर्षं स्वतःच्या आवाजात राहिला की त्या घरातला गळका नळ त्याला ऐकू येत नाही.

त्यावर प्रेमिलानं उपाय काढला. टेबलावर सोड्याची बाटली ठेवली आणि शेजारी पाण्याचा तांब्या. सरांनी मागायचं, तिनं जे ऐकू येईल ते द्यायचं.

“थोडा,” सर म्हणाले. प्रेमिलानं पेल्यात थोडं पाणी ओतलं.

“अहो, थोडा.”

आणखी थोडं पाणी.

त्या दिवशी सर सव्वा लिटर पाणी प्यायले. पुढच्या रविवारी दीड. तिसऱ्या रविवारी त्यांनी मागण्याआधी स्वतःच थांबून आरशात पाहिलं, दात मिटले, आणि सायकलच्या ट्यूबसारखी लांबलचक हवा सोडत म्हणाले, “सssओडा.” प्रेमिलानं बाटली उघडली. सरांना सोडा आवडत नसे, पण तो त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दिवाळीनंतर ते एकदा उतरलेल्या चेहऱ्यानं आले. “काल स्टाफरूममध्ये मला राग आला,” ते म्हणाले, “आणि ते सगळं परत आलं. मी मिनल मॅडमना काय काय बोललो, सगळं पहिल्यासारखं.” मित्राचं नाव त्यात कुठं नव्हतं. रोशनीनंही काढलं नाही.

“असंच होतं सर. शांतपणे येतं, मग वाचताना येतं, मग बोलताना. रागात सगळ्यात शेवटी.”

सर बराच वेळ स्ट्रॉ बोटांत फिरवत बसले. “एवढ्या वर्षांत मला कोणीच सांगितलं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पहिल्या.”

“मुलांनी सांगितलं, सर. मी लिहून दिलं.”

प्रजासत्ताक दिनाला त्यांनी रोशनीला आणि प्रेमिलाला बोलावलं. मायलेकी मागच्या रांगेत बसल्या. सरांनी भाषण लिहून आणलं होतं आणि सावकाश वाचलं. संविधान, स्वातंत्र्य, समता, सगळे शब्द एकेक करून, जपून, पण बरोबर आले. ‘सामाजिक’ म्हणताना जरा थांबले, जीभ आत असल्याची खात्री केली आणि पुढं गेले. प्रेमिलाचा हात नकळत पर्समधल्या पाण्याच्या बाटलीवर होता. पदाधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच चहाकडे न पाहता भाषण ऐकलं आणि नंतर एकमेकांना सांगितलं की नवे स्पीकर एकदम भारी आहेत.

गडबड बालवर्गात झाली. कार्यक्रम संपल्यावर भावना मिनल मॅडमचा पदर ओढून तक्रार करत होती. “मॅडम, थरांना आता थंथ्कार म्हणता येत नाही. ते संस्कार म्हणून राहिले.” बाकीची सहाजणही गंभीर होती. त्यांना शिकवलेलं शुद्ध बोलणं सर विसरले होते आणि कोणीच त्यांना टोकत नव्हतं. मिनल मॅडमनी पुन्हा वर पाहिलं, पण मैदानात पंखा नव्हता.

सरांनी ते ऐकलं. रोशनीला वाटलं आता रागात तो ‘थ’ परत येतो. पण सर खाली वाकले आणि भावनाला म्हणाले, “मीच चुकत होतो. तू घरी साखर म्हणतेस ना, तसंच हे.” भावनाला ते पटलं नाही. पुढचा पंधरवडा सर रोज सकाळी बालवर्गात जाऊन उभे राहिले, हातात स्ट्रॉ घेऊन, तेव्हा कुठं सातातली पाच जणं मानली.

फेब्रुवारीत शाळेचं परिपत्रक आलं. शुद्ध वाणी अभियान यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं त्यात जाहीर केलं होतं. बावीसपैकी वीस मुलांचे दोष अभियानामुळे नाहीसे झाले होते. शिवाय, मुलांच्या घरच्या बोलीत कोणताही दोष नाही, असे शाळेचे पूर्वीपासूनचे मत आहे, असंही ठळक अक्षरात लिहिलं होतं. अक्षर मिनल मॅडमचंच, सुंदर. अबोलीचं नाव कुठं नव्हतं. तिच्या कानातलं पाणी डॉक्टरांनी काढलं होतं आणि आता ती वर्गात इतकं बोलायची की तिला दोनदा बाहेर उभं केलं होतं.

प्रेमिलानं परिपत्रक वाचून फाईलला लावलं. “पूर्वीपासूनचं मत होतं म्हणे,” ती म्हणाली. “मग यादी कोणी पाठवली, पोस्टमननं?”

“राहू दे आई. तेरा पोरं सुटली.”

त्याच दुपारी कामिनीचा फोन आला. आवाज पुन्हा काळजीचा. हर्षित आता कळमना म्हणायचा, काका म्हणायचा, केळी म्हणायचा. पण सकाळी जेवताना त्यानं ताक मागितलं ते ‘काक’ म्हणून, आणि तिखट झालं ‘किखट’.

“आता याचा ‘त’ गेला का मॅडम?”

“नाही गेला. ‘क’ नवीन आला नं, म्हणून जिकडं तिकडं वापरून राहिला तो. महिनाभरात आपल्या जाग्यावर बसते. तोपर्यंत काक मागितलं तर ताक द्या.”

कामिनी पलीकडे हसली आणि म्हणाली, आत्ताही तेच मागून राहिला.